ठिपक्याचा सातबारा

पहाटे साडेपाचला, दूध चुलीवर चढायच्या आधी, वहिनी फोन माझ्यापुढे धरतात. "भावजी, पोराचं जहाज कुठं हाय, बघा बरं." मी चष्मा चढवतो, नकाशा उघडतो, जहाजाचं नाव टाकतो. मुंबईच्या पश्चिमेला निळ्या पाण्यात बाणाच्या टोकासारखा एक ठिपका दिसतो. त्याच्यावर बोट ठेवलं की वेग, दिशा, लांबी, रुंदी अशी आकड्यांची पट्टी खाली उघडते. वहिनींना आकडे नको असतात. ठिपका आहे एवढं कळलं की त्या दुधाकडे वळतात.

हे लासूर स्टेशनात घडतं. गंगापूर तालुक्यातलं, शिवना नदीकाठचं, दाक्षायणी देवीचं, कांद्याच्या आणि कापसाच्या बाजाराचं हे गाव. इथून रेल्वेने मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे. नकाशावर लासूरमधून सरळ पश्चिमेला रेघ ओढली तर ती डहाणूच्या आसपास समुद्राला टेकते, आणि तिथून आणखी पुढे, थोडं दक्षिणेला, मुंबई हायचं तेलक्षेत्र लागतं. आमच्या घरातल्या एका पोराने सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशी व्हायचा, कोर्स केला, सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदवही काढली आणि तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून लागला. त्या दिवसापासून कोरडवाहू जमिनीच्या या घरात समुद्राची बोली आली. साइन ऑन, साइन ऑफ, डेक, क्रू, रिग.

लासूरची माणसं वाट बघायला शिकली ती रेल्वेकडून. निजामाच्या राज्यात मनमाडहून हैदराबादकडे लहान रुळांची गाडी आली आणि स्टेशनाभोवती बाजारपेठ वाढली. पाहुणा कधी येणार हे स्टेशनवर विचारून कळायचं. गाडीने रोटेगाव सोडलं का, परसोडा आलं का, करंजगाव आलं का, एवढं समजलं की घरी पोह्यांची तयारी सुरू व्हायची. समुद्रात मधली स्टेशनं नाहीत. म्हणून पोर जहाजावर गेल्यावर आम्ही त्या ठिपक्यालाच स्टेशनमास्तर केलं. तो ठिपका नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे शिकायला मला काही वर्षं लागली. जे शिकलो ते इथे मांडतो, कारण मराठवाड्यातली आमच्यासारखी आणखी घरंही आता असाच फोन हातात धरून बसतात.

ठिपका बोलतो कसा

जहाजावर एक यंत्र असतं. त्याला एआयएस म्हणतात, म्हणजे जहाजाची ओळख आपोआप सांगणारी यंत्रणा. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे २००४ च्या अखेरीपर्यंत मोठ्या जहाजांना ती सक्तीची झाली. परदेशी फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांच्या पुढच्या जहाजांना, देशातल्या देशात फिरणाऱ्या ५०० टनांच्या पुढच्या मालवाहू जहाजांना आणि सगळ्या प्रवासी जहाजांना. मूळ हेतू आपल्यासारख्यांना पोराचा पत्ता कळावा असा नव्हता. अंधारात, धुक्यात, पावसात दोन जहाजांनी एकमेकांना ओळखावं आणि टक्कर टळावी, यासाठी ती होती.

यंत्र व्हीएचएफ रेडिओच्या दोन ठरावीक लहरींवर बोलतं, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ. जहाज चालू असेल आणि वेग १४ नॉटच्या आत असेल तर साधारण दर १० सेकंदांनी ते आपली जागा, वेग आणि दिशा सांगतं. नांगर टाकून उभं असेल तर दर ३ मिनिटांनी. नाव, नंबर, लांबी-रुंदी, जहाजाचा प्रकार ही ओळखीची माहिती दर ६ मिनिटांनी जाते. जागा उपग्रहावरून कळते, दिशा होकायंत्रातून, म्हणून या गोष्टी आपोआप भरल्या जातात. पण जहाज कुठे चाललंय, कधी पोचणार, पाण्यात किती बुडालंय, हे डेकवरचा अधिकारी हाताने टाइप करतो. कामाच्या गडबडीत ते बदलायचं राहून जातं. मुक्कामाचं ठिकाण चुकीचं दिसलं म्हणून आमच्या घरी एकदा दिवसभर कुणी नीट जेवलं नाही. जहाज बंदरात परतलं होतं आणि पट्टीवर मागच्याच फेरीचं ठिकाण होतं, एवढीच गोष्ट होती.

त्याहून मोठा घोर लागला तो ठिपका गेला त्या रात्री. जहाज संध्याकाळी मुंबई बंदरातून निघालं, प्राँग्ज दीपगृहाच्या बाहेर पडलं आणि काही तासांनी ठिपका जागच्या जागी थिजला. 'शेवटची नोंद ५ तासांपूर्वी.' मग ९ तासांपूर्वी. वहिनी देवघरासमोर बसून राहिल्या. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की व्हीएचएफ लहरी साधारण नजरेच्या टप्प्याएवढ्याच जातात. पृथ्वी गोल आहे. किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण ४० ते ८० किलोमीटरच्या पुढचं जहाज नीट ऐकू येत नाही. मुंबई हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटरच्या आसपास आहे. १० नॉटने, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरने, तिथे पोचायला आठ-नऊ तास लागतात. त्यातले निम्म्याहून जास्त तास जहाज किनाऱ्याच्या कानाबाहेर असतं. तिथलं बोलणं टिपतात ते उपग्रह. आपल्या इस्रोने २०११ मध्ये सोडलेल्या रिसोर्ससॅट-२ वरही असा एआयएस टिपणारा संच होता. पण उपग्रहाची ताजी माहिती बहुतेक ठिकाणी पैसे भरून मिळते. फुकटच्या नकाशावर ठिपका थिजतो. जहाज मात्र चाललेलं असतं.

आपल्या किनाऱ्यावर हे ऐकणारे कान आता बरेच आहेत. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ ला हल्ला झाला. हल्लेखोर समुद्रातून आले होते. त्यानंतर किनाऱ्यावरची नजर वाढवायची निकड सगळ्यांना पटली. दीपगृह खात्याने देशभरातल्या ७४ दीपगृहांवर एआयएसचे संच बसवले. जे दीपगृह शेदीडशे वर्षं फक्त दिवा दाखवत होतं ते आता ऐकायलाही लागलं. पोराचं जहाज बंदराजवळ येतं, थिजलेला ठिपका अचानक उडी मारून पुढे सरकतो, आणि लासूरमधल्या स्वयंपाकघरात कुणीतरी मोठा श्वास सोडतं. तो क्षण मला कधी साधा वाटलेला नाही.

नाव बदललं तरी गट नंबर बदलत नाही

शेतकऱ्याला जमिनीचा कागद वाचता यावा लागतो. गट नंबर, क्षेत्र, मालकाचं नाव, इतर हक्कातला बोजा. सातबारा न बघता जमीन घेणाऱ्याला आपल्याकडे कुणी शहाणा म्हणत नाही. जहाजालाही असाच सातबारा असतो, आणि त्याचा गट नंबर म्हणजे आयएमओ नंबर.

हा सात आकडी नंबर १९८७ मध्ये ठरला आणि १९९६ पासून सक्तीचा झाला. जहाज बांधलं जातं तेव्हा तो मिळतो आणि भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. मालक बदलला, नाव बदललं, झेंडा बदलला, तरी नंबर तोच. जहाजाच्या अंगावर तो कायमचा उमटवलेला असतो. शिवाय त्याच्यात आकड्यांचा एक पहारेकरी आहे. वानगीदाखल ९०७४७२९ हा नंबर घ्या. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा. ६३, ०, ३५, १६, २१, ४. बेरीज १३९. बेरजेचा शेवटचा आकडा ९, आणि नंबरचा सातवा आकडाही ९. जुळलं म्हणजे नंबर लिहिताना बहुधा चूक झालेली नाही. मी हे आमच्या सातवीतल्या नातीकडून करून घेतलं. तिने तेव्हापासून काकाच्या प्रत्येक जहाजाचा नंबर तपासायचं काम आपल्याकडे घेतलं आहे.

दुसरा नंबर नऊ आकडी असतो, एमएमएसआय. तो रेडिओचा नंबर. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. ४१९ म्हणजे भारत. झेंडा बदलला की हा बदलतो. म्हणून ठिपका शोधायला नाव पुरत नाही. एकाच नावाची जहाजं बरीच असतात, आणि नाव पुसून नवं रंगवायला एक दिवस पुरतो. आयएमओ नंबर हातात असला की त्या जहाजाचं वय, आधीची नावं, सध्याचा मालक, वर्गीकरण करणारी संस्था आणि बंदरांमधल्या तपासण्यांमध्ये निघालेल्या त्रुटी बघता येतात. २००० साली युरोपात सुरू झालेला इक्वासिस हा सार्वजनिक साठा त्यासाठीच आहे, आणि तो फुकट आहे. वर्गीकरण संस्था जहाजाची तब्येत तपासून दाखला देते. आपली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग १९७५ पासून हे काम करते.

एका रुपयाच्या नोटेवरचा समुद्र

पोराच्या जहाजासारखी जहाजं लागतात कशाला, हे सांगायला मी घरात जपलेली एक जुनी एका रुपयाची नोट काढतो. तिच्या मागच्या बाजूला समुद्रात पाय रोवून उभा असलेला एक मनोरा आहे. तो 'सागर सम्राट'. जपानमध्ये बांधलेल्या या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात तेलाला हात घातला. मे १९७६ मध्ये मुंबई हायमधून उत्पादन सुरू झालं. त्याच्या दहाएक वर्षं आधी सोव्हिएत जहाजाच्या मदतीने खंबायतच्या आखाताकडे समुद्रतळाची पाहणी झाली होती. लासूरच्या बाजारात कांद्याच्या पट्टीतले सुटे पैसे मोजताना ही नोट हजारो हातांतून गेली असेल. तिच्यावरचं चित्र समुद्राचं आहे हे आमच्यापैकी किती जणांनी पाहिलं होतं?

मुंबई हायमध्ये पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे. तिथल्या प्लॅटफॉर्मवर शेकडो माणसं राहतात आणि रिग रात्रंदिवस खणत असतात. पोलादी पाइप, विहिरीची भिंत धरणारं केसिंग, सिमेंट, बॅराइटची भुकटी, बेंटोनाइटची माती, डिझेल, पिण्याचं पाणी, आटा, तांदूळ, भाजी, कांदा, सगळं किनाऱ्यावरून न्यावं लागतं. माणसं बहुतेक जुहूहून हेलिकॉप्टरने जातात, सामान जहाजाने. मुंबईसमोर, रायगड जिल्ह्यातल्या न्हाव्याला ओएनजीसीचा पुरवठा तळ आहे. तिथे माल चढतो आणि येताना रिकामे कंटेनर, कचरा, दुरुस्तीची यंत्रं परत येतात. ही जहाजं म्हणजे समुद्रातल्या वस्तीचा टेम्पो, पाण्याचा टँकर आणि अडचणीला अँब्युलन्स.

त्यांची बांधणीही ठरलेली. माणसं राहायची इमारत आणि सुकाणू पुढच्या टोकाला, आणि मागे सगळा डेक मोकळा. हा घाट १९५० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या आखातात रुळला. त्याआधी तिथले लोक कोळंबीच्या होड्या आणि युद्धातून उरलेली जहाजं या कामाला जुंपत. मागचा डेक मोकळा ठेवला की क्रेनला माल थेट उचलता येतो, हे साधं शहाणपण मग जगभर गेलं.

बैलाचे दात, जहाजाचे आकडे

आमच्या बाजारात बैल घेणारा माणूस आधी तोंड उघडून दात बघतो, मग खूर, मग खांदा, आणि शेवटी गाडीला जुंपून ओढ बघतो. जहाजाच्या माहितीपत्रकातले आकडे मी तसे वाचायला शिकलो.

आधी वय. बांधणीचं साल म्हणजे दात. मग लांबी: पुरवठा जहाजं बहुतेक ६० ते ९० मीटरची. मग मोकळ्या डेकचं क्षेत्रफळ आणि दर चौरस मीटरला तो किती टन पेलतो हा आकडा, ५ किंवा १०. जड पाइपांची थप्पी कुठे रचायची हे त्यावर ठरतं. मग पोटातल्या टाक्या. डिझेलची वेगळी, पिण्याच्या पाण्याची वेगळी, खणायला लागणाऱ्या पाण्याची वेगळी, चिखलाची वेगळी. सिमेंट आणि बॅराइट पोत्यांत नसतात. बंद टाक्यांत असतात आणि दाबाच्या हवेने नळीतून वर प्लॅटफॉर्मवर फुंकले जातात.

रिग ओढणाऱ्या आणि तिचे नांगर हाताळणाऱ्या जहाजाला आणखी एक आकडा असतो, बोलार्ड पुल. धक्क्यावरच्या खुंटाला दोर बांधून जहाजाने पूर्ण ताकदीने ओढायचं आणि दोरावरचा ताण टनांत मोजायचा. शेवटी ही ओढच. फक्त बैलजोडीच्या जागी इंजिनं, आणि आकडा साठ, ऐंशी, शंभर टनांचा.

आगीशी लढायच्या तयारीला फायफाय म्हणतात. फायफाय-१ चा दाखला असलेलं जहाज तासाला २,४०० घनमीटर, म्हणजे २४ लाख लिटर पाणी फेकू शकतं, १२० मीटर लांब.

आणि सगळ्यात महत्त्वाची दोन अक्षरं, डीपी. म्हणजे नांगर न टाकता, दोर न बांधता, संगणकाच्या हुकमावर जहाज एका जागी धरून ठेवणं. उपग्रह, होकायंत्र, वाऱ्याचं माप, लेझर, सगळ्यांकडून माहिती घेऊन संगणक दर क्षणी पाण्यातल्या पंख्यांना सांगतो, एवढं डावीकडे, एवढं पुढे. बैलगाडी उलटी घेत विहिरीच्या कठड्यापर्यंत आणायची आणि तासभर तिथेच धरायची, तीही खालची जमीन हलत असताना, असं ते काम आहे. डीपी-१ मध्ये एक बिघाड झाला तरी जागा सुटू शकते. डीपी-२ मध्ये चालत्या यंत्रणेतला कुठलाही एक बिघाड जहाजाची जागा सोडवू शकत नाही, कारण प्रत्येकाला जोडीदार असतो. डीपी-३ मध्ये एका खोलीला आग लागली किंवा पाणी भरलं तरी जहाज टिकून राहतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९४ मध्ये या पायऱ्या ठरवल्या.

प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं सुरक्षा कडं असतं. त्यात शिरण्याआधी जहाजावर यादी वाचून एकेक गोष्ट तपासतात. शक्यतो आडोशाच्या बाजूने जातात, म्हणजे इंजिन बंद पडलं तर वारा जहाजाला प्लॅटफॉर्मपासून दूर नेईल. या नियमामागे माणसं गमावून मिळवलेलं शहाणपण आहे.

२७ जुलै २००५

मुंबई २६ जुलैच्या पुरात बुडाली ते सगळ्यांना आठवतं. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हाय नॉर्थवर काय घडलं ते फार कमी जणांना आठवतं.

'समुद्र सुरक्षा' हे शंभर मीटरचं बहुउद्देशीय जहाज जवळ काम करत होतं. मालकी ओएनजीसीची, चालवणं शिपिंग कॉर्पोरेशनकडे. जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या बोटाला जखम झाली. हवा इतकी खराब की हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. म्हणून त्याला क्रेनच्या पाळण्यातून प्लॅटफॉर्मवर पोचवायचं ठरलं. आडोशाच्या बाजूची क्रेन चालू नव्हती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ गेलं. मागच्या पंख्यांमध्ये अडचण होती आणि जहाज हाताने सांभाळलं जात होतं. जखमी माणूस वर पोचला. त्यानंतर लाटांनी जहाज उचललं आणि त्याचं हेलिपॅड प्लॅटफॉर्मच्या कडेने वर येणाऱ्या वायुवाहिन्यांवर आदळलं. वायू सुटला, पेट घेतला, आणि सुमारे दोन तासांत सात मजली प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला.

प्लॅटफॉर्म, शेजारची रिग आणि जहाज मिळून ३८४ माणसं होती. ३६२ वाचली. २२ गेली. आठपैकी दोनच जीवरक्षक होड्या पाण्यात उतरवता आल्या. जहाजाच्या पोटात दाबाच्या कोठीत सहा पाणबुडे होते. अशा कोठीतून माणसाला एकदम बाहेर काढता येत नाही; दाब हळूहळू उतरवावा लागतो. पेटलेल्या जहाजावर ते अडकून राहिले आणि दीड दिवसाने सुटले. 'समुद्र सुरक्षा' १ ऑगस्टला बुडालं.

मी हा प्रसंग पुन्हापुन्हा वाचला तो एका गोष्टीसाठी. त्या दुपारी नकाशावर जहाज जिथे असायला हवं होतं तिथेच होतं. बिघाड नकाशात नव्हता. पंख्यांत होता, बंद असलेल्या क्रेनमध्ये होता, वाऱ्याकडची बाजू घ्यावी लागण्यात होता, उघड्यावर असलेल्या वायुवाहिन्यांत होता. एका बोटाच्या जखमेपासून बावीस मृत्यूंपर्यंतची वाट अशा छोट्या छोट्या पायऱ्यांची होती, आणि ज्यांच्या घरी रात्री बातमी पोचली त्यांना यातली एकही पायरी माहीत नव्हती.

तौक्ते

मे २०२१. आमच्याकडे उन्हाळ कांदा चाळीत भरायची घाई. करोनामुळे बाजार कधी चालू, कधी बंद. समुद्रात तौक्ते चक्रीवादळ उठलं. हवामान खात्याचे इशारे आधीच आले होते. १७ मेला वादळ मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातकडे गेलं आणि तेलक्षेत्र त्याच्या वाटेत आलं.

पी-३०५ नावाच्या बार्जवर २६१ माणसं होती. त्यातले बहुतेक दर्यावर्दी नव्हते. वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी, देशभरातून ठेकेदाराच्या कामावर आलेले. असा बार्ज म्हणजे तरंगती वसाहत. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. त्याचा सगळा भरवसा नांगरांवर. नांगर सुटत गेले, बार्ज वाहत गेला, एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आदळला, तळाला भोक पडलं आणि संध्याकाळी तो बुडाला. 'वरप्रदा' या टगवर १३ जण होते, तोही बुडाला.

नौदलाची कोची आणि कोलकाता ही जहाजं त्या खवळलेल्या पाण्यात शोध घेत राहिली. त्यांच्यासोबत 'ग्रेटशिप अहिल्या' आणि 'ओशन एनर्जी' ही तेलक्षेत्रातली सहायक जहाजंही होती. म्हणजे रोज सिमेंट आणि पाणी पोचवणाऱ्या जमातीतली जहाजं माणसं वेचत होती. पी-३०५ वरचे १८६ आणि 'वरप्रदा'वरचे २ वाचले. दोन्ही मिळून ८६ जण परत आले नाहीत. कित्येकांची ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली. 'गल कन्स्ट्रक्टर' हा बार्जही भरकटला होता. त्याच्यावरच्या १३७ जणांना वाचवता आलं.

पेट्रोलियम मंत्रालयाने चौकशीसाठी समिती नेमली. जबाबदारीचे प्रश्न तिथे गेले. माझा प्रश्न साधा आहे. त्या २६१ जणांच्या घरी किती जणांना माहीत होतं की आपला माणूस ज्याच्यावर झोपतो त्याला इंजिन नाही? माहितीपत्रकात ही ओळ पहिल्या काही ओळींतच असते. ती वाचली असती तर वादळाचा इशारा टीव्हीवर ऐकताना एखाद्या आईने फोन करून विचारलं असतं, "तुमची बोट किनाऱ्याला कोण ओढून आणणार हाय?" विचारण्याने वादळ थांबत नाही. पण हजार घरांतून विचारलेला प्रश्न ठेकेदाराच्या कानावर कधीतरी पडतोच.

स्थिर ठिपका

आणि एक गोष्ट वादळाशिवायची. 'मालवीय सेव्हन' हे मुंबईच्या एका कंपनीचं पुरवठा जहाज. २०१६ मध्ये ते स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीन बंदरात अडकून पडलं, कारण भारतीय खलाशांचा पगार थकला होता. खलाशी जहाज सोडून आले असते तर पगारावरचा हक्क सैल झाला असता. म्हणून त्यांच्यातले काही जण उत्तरेच्या थंडीत, दुसऱ्यांनी आणून दिलेल्या मदतीवर, वर्षाहून अधिक काळ जहाजातच राहिले. शेवटी कोर्टाच्या हुकमाने जहाज विकायची परवानगी मिळाली आणि २०१७ च्या अखेरीस त्यांची सुटका झाली.

त्या सगळ्या काळात नकाशावर काय दिसत असेल याचा मी विचार करतो. धक्क्याला बांधलेलं जहाज, वेग शून्य, बंदर सुरक्षित. घरच्यांना हवा असतो तसा, अगदी स्थिर ठिपका. आत माणसं मात्र पैशाविना, घराविना.

खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये लागू झाला. भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. जानेवारी २०१७ पासून त्यात भर पडली: मालकाने वाऱ्यावर सोडलं तर घरी परतायचा खर्च, जेवण-पाणी आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार मिळावा यासाठी जहाजाकडे विम्याचा दाखला असायला हवा. तो दाखला जहाजावर सगळ्यांना दिसेल असा लावायचा असतो. मोबाइलने त्याचा फोटो काढून घरी पाठवायला एक मिनिट लागतं.

वही

आमच्या घरात दिनदर्शिकेशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली आहे. पोर नव्या जहाजावर साइन ऑन करायच्या आधी ती भरायची, असा रिवाज आम्ही ठरवला. जहाजाचं नाव, आयएमओ नंबर, झेंडा, बांधणीचं साल, मालक कोण आणि चालवतो कोण. भरती करणाऱ्या एजंटाचा आरपीएसएल परवाना, जो नौवहन महासंचालनालयाच्या यादीत तपासता येतो. करारावर पगार किती, किती महिन्यांचा. वर्गीकरणाचा दाखला कुणाचा. स्वतःचं इंजिन आहे की नाही. डीपी कितीचं. विम्याचा दाखला. मुंबईच्या ऑफिसातल्या, रात्री फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर.

पहिल्या वर्षी पोराला हे सगळं लाजिरवाणं वाटायचं. "काका, कंपनीत कुणी असं विचारत नाही," म्हणायचा. आता तो स्वतःच मला फोटो पाठवतो. गावातली आणखी दोन पोरं मर्चंट नेव्हीत जायच्या तयारीत आहेत. त्यातल्या एकाचे वडील परवा वही बघायला आले आणि वहीतली पानं मोबाइलमध्ये उतरवून घेऊन गेले.

गेल्या महिन्यात पोराला नव्या जहाजाची ऑर्डर आली. मी पडवीत बसलो होतो. वहिनी पीठ मळता मळता बाहेर आल्या, हात तसेच. मला वाटलं, जहाज कुठं जाणार ते विचारतील. त्या म्हणाल्या, "भावजी, ह्या जहाजाला इंजिनं किती हायेत? अन् एक बंद पडलं तर दुसरं धरतंय का?"

मी नातीला वही आणायला सांगितली. तिने आधी नंबरची बेरीज केली. जुळली.